ओट्यावरचं इंजिन

एका गावात एकच जीप होती, आणि ती भिवसेन टेकाळे यांची होती. त्यामुळे गाड्यांमधलं गावात आपल्यालाच सगळ्यात जास्त कळतं, असं भिवसेनचं मत होतं.

दसऱ्याला त्यांनी जीपची पूजा केली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीची, वृषालीची, तालुक्याच्या दवाखान्यात नर्सच्या जागेसाठी मुलाखत होती. बारा वाजता. ती सातलाच फाइल घेऊन पुढच्या सीटवर बसली. भिवसेननी किल्ली फिरवली. जीप ‘टक्’ म्हणाली आणि गप्प झाली.

लोकांनी धक्का दिला. पुढे चढ होता. जीप जरा मागेच आली.

मग फाट्यावरून इस्माईल मिस्त्री आपल्या मोपेडवर आले.

“बॅटरीला कोणी हात लावलाय का?”

“छे. नवीकोरी आहे,” भिवसेन म्हणाले.

मिस्त्रींनी विश्वास ठेवला. बॅटरी सीटखाली होती, सीटवर वृषाली होती, तिला कशाला उठवा? त्यांनी स्टार्टर काढून पाहिला. तो ठणठणीत होता.

“बॅटरी चांगली, स्टार्टर चांगला. म्हणजे इंजिनच अडकलंय. उतरवावं लागेल.”

शेजारचे गेनूतात्या म्हणाले, “भिवा, पोरीला मिस्त्रीच्या मोपेडवर जाऊ दे की.”

“घरात जीप असताना मोपेड? लोक काय म्हणतील, तात्या?”

“लोक इथंच उभे आहेत. विचार त्यांना.”

भिवसेननी विचारलं नाही. आठ जणांनी बांबू-दोर लावून इंजिन उतरवलं आणि ओट्यावर ठेवलं. ओटा कालच सारवला होता, म्हणून खाली पोतं घातलं. पावणेअकरा वाजले. मिस्त्री इंजिन खोलायला बसले.

वृषालीनं सीटवरूनच विचारलं, “आबा, काल तुम्ही या सीटखाली वाकून काय करत होतात?”

सगळे भिवसेनकडे बघायला लागले. ‘काही नाही’ म्हणणं सोपं होतं. सकाळी एकदा म्हणून झालंच होतं. त्यांनी मुलीच्या मांडीवरच्या फाइलकडे पाहिलं.

“बॅटरीच्या तारा काढून त्यांच्या टोकांत हळद, कुंकू आणि तूप भरलं,” ते म्हणाले. “मग तारा हातानंच बसवल्या. सोवळ्यात तेलकट पाना कसा धरणार?”

मिस्त्रींनी वृषालीला उठवलं, तारा पुसल्या, पान्यानं आवळल्या. दोन मिनिटं लागली. दिवे लागले. हॉर्न वाजला. गाडी अगदी ठीक झाली होती. फक्त इंजिन ओट्यावर होतं.

मिस्त्रींनी मोपेडची किल्ली वृषालीच्या हातात दिली. “जा बेटा. मी दोन दिवस इथंच आहे.”

भिवसेननी मोपेडला स्वतः किक मारून दिली.

वृषाली बाराला पाच कमी असताना पोचली. डॉक्टरांनी विचारलं, “पेशंट बोलतच नाही. त्याला काय झालंय, कसं शोधाल?”

“सोबत आलेल्यांना विचारीन, घरी काय काय उपाय केलेत. ‘काहीच नाही’ म्हणाले तर परत विचारीन.”

डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. तिला नोकरी लागली.

तात्पर्य: दुरुस्तीला माणूस बोलावला, की आपण काय करून ठेवलंय ते आधी सांगावं; नाहीतर तो बिचारा जे चांगलं आहे तेच खोलत बसतो.