विरजणाची वाटी

"मग आपणच का द्यायचं, महाराज?"

डॉ. जयवंत सांगळे रागाने धुमसत होता. जनावरांच्या लसी बनवणाऱ्या प्रयोगशाळेचा तो प्रमुख. चौथीपर्यंत याच डोंगरावरच्या मठात शिकलेला.

महाराज कोमट दुधाची चरवी पुढ्यात घेऊन बसले होते. हातात विरजणाची वाटी होती.

जयवंतने सगळे सांगितले. अकरा वर्षे सरहद्दीपलीकडच्या शास्त्रज्ञांशी गुरांच्या लाळ-खुरकत रोगाच्या नमुन्यांची देवघेव चालली होती. त्यांच्या नमुन्यांवरून आपली लस झाली, आपल्यावरून त्यांची. मग दोन्ही सरकारांचे बिनसले आणि त्यांनी नमुने पाठवणे बंद केले. आता रोगाचा नवा विषाणू इकडच्या प्रयोगशाळेला आधी सापडला होता. तिकडे गोठ्यांतली वासरे पटापट मरत होती. तिकडून नमुन्यासाठी विनवणीचे पत्र आले. द्यायचे की नाही, ते सरकारने जयवंतवर सोडले होते.

त्याने नकार लिहून खाली सही ठोकली होती; तो कागद हातातच होता. आशीर्वाद तेवढा हवा होता. सूड घ्यायचा तर विद्वानालाही पाठीवर कुणाचा तरी हात लागतो.

"जशास तसं," तो म्हणाला. "अकरा वर्षांच्या कामावर विरजण घातलं त्यांनी."

महाराजांचा हात थांबला.

"काय घातलं?"

"विरजण."

...

महाराजांनी वाटी अंगणात भिरकावली. दही मातीत गेले.

जयवंत दचकला. "अहो, मठात तेवढंच होतं. आता दूध नासेल."

"नासू दे."

"नासू दे काय? खालच्या वाडीतनं मागवा."

झऱ्याच्या पाण्यावरून वाडीशी मठाचा कोर्टात दावा चालू होता. तीन वर्षे कुणी कुणाचे तोंड बघत नव्हते. महाराजांनी त्याला तेच ऐकवले.

"म्हणून काय झालं?" जयवंतचाही पारा चढला. "विरजणाला कुणी नाही म्हणतं का? दारात वैरी आला तरी देतात."

...

बोलून गेला, आणि त्याचे तोंड उतरले. स्वतःचीच चीड आली त्याला.

महाराजांचा राग मात्र उतरला नव्हता.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आईनं."

महाराजांनी त्याच्या हातातला कागद हिसकावला आणि त्याच्याच नाकासमोर धरला.

"मग ही सही कुणाची?"