बांडीच्या गळ्यातली घंटा

फार फार पूर्वी एका डोंगरावर शेळ्यांचा कळप होता. कळपाची घंटा बोकडाच्याच गळ्यात, असा तिथला रिवाज. बांडी नावाच्या तरण्या शेळीने एकदा ती मागितली, तर शिंगाड्या बोकड हसत सुटला. "शेळीमागे कधी कळप चालतो होय गं?"

एका सकाळी कड्याजवळ इतकं दाट धुकं उतरलं की स्वतःचे खूर दिसेनात. शिंगाड्या जागीच थिजला. करडं रडायला लागली.

"घंटा माझ्याकडे दे!" बांडी शिंगाड्याच्या कानाशी म्हणाली. "रोज मागून चालताना मी ही वाट हुंगत आलेय!"

शिंगाड्याने मुकाट्याने मान खाली घातली आणि बांडीने घंटा आपल्या गळ्यात अडकवून घेतली. टण टण टण! आवाजामागे कळप निघाला. कडा मागे पडला, ओढा ओलांडला, आणि आलं की हिरवंगार पठार!

"शिंगाड्यादादाने वाचवलं!" करडं नाचायला लागली. तेवढ्यात धुकं विरलं. पुढे बांडी उभी होती.

"आण माझी घंटा," शिंगाड्या गुरकावला. बांडीने ती लगेच देऊन टाकली आणि मोकळ्या गळ्याने वरच्या कुरणाकडे उड्या मारत निघाली.

शिंगाड्याने जोरजोरात घंटा वाजवली. मग मागे वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं.