खांबाची कंबर

एकदा एका खाडीपलीकडच्या बेटावर नवा धक्का बांधायचं काम निघालं. एक वयोवृद्ध स्थापत्यज्ञ ते पाहत होते आणि त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. शिष्या हुशार, कष्टाळू; फक्त कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असं वाटण्याचं तिचं वय होतं.

धक्क्यासाठी पोलाद देणारा व्यापारी त्याच बेटावरचा. त्याची आई वर्षभर आजारी होती. उपचारांसाठी तिला पलीकडे न्यावं लागे आणि जुना धक्का खचलेला असल्यामुळे होडी कधी लागे, कधी लागत नसे. अखेर ती गेली. पुन्हा कुणाच्या आईवर ही वेळ येऊ नये म्हणून व्यापाऱ्याने पदरमोड करून खांबांच्या काँक्रीटमध्ये घालायला स्टेनलेस स्टीलचे गज मागवले. हे पोलाद साध्या लोखंडाच्या कितीतरी पट महाग, सगळ्या धक्क्याला काही पुरणारं नव्हतं. ते कुठे वापरायचं, हे गुरुजींनी ठरवायचं होतं.

शिष्येला त्यात ठरवण्यासारखं काही दिसेना. खांबांचे पाय जन्मभर खाऱ्या पाण्यात राहणार. तेव्हा उत्तम पोलाद तळाशी जाणार, हे उघडच होतं. पण एका सकाळी ती कामावर आली आणि पाहते तो काय, गुरुजी ते लांबच लांब, झळाळते गज कापून घेत होते! ती धावतच पुढे गेली.

“गुरुजी, अखंड गजांचे तुकडे? शेठना काय सांगायचं?”

“खरं ते सांगायचं. हे तुकडे खांबाच्या मधल्या भागात जातील. खाली आणि वर साधे गज. त्यांना हे जोडून घ्यायचे.”

शेठना सांगायची वेळच आली नाही. ते स्वतःच येऊन उभे राहिले आणि कापलेला ढीग पाहून त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

“आईच्या नावानं दिलेल्या पोलादाची ही खांडोळी? पायाला नाही, माथ्याला नाही, मध्येच कुठेतरी! तसं असेल तर माझा माल मी परत नेतो, गुरुजी.”

शिष्या खाली मान घालून उभी राहिली. खरं सांगायचं तर मनातून ती शेठच्याच बाजूची होती. पण माल परत गेला, तर नवा धक्काही जुन्यासारखाच साध्या लोखंडाचा होणार आणि बेटाच्या नशिबी पुन्हा तेच येणार, हेही तिला कळत होतं.

गुरुजींनी वाद घातला नाही. “ओहोटी लागली आहे, शेठ. जरा होडीत बसा,” एवढंच ते म्हणाले.

होडी जुन्या धक्क्याच्या खाली गेली. शिष्येने हा धक्का अनेकदा पाहिला होता, पण वरून आणि भरतीच्या वेळी. आता पाणी उतरलं होतं. उथळ पाण्याखाली दिसणारे खांबांचे पाय कालवांनी लगडलेले, पण धडधाकट होते. माथेही शाबूत होते. मधला पट्टा मात्र प्रत्येक खांबाचा फुटला होता. काँक्रीटचे पापुद्रे सुटले होते आणि आतल्या सळया गंजून काडीसारख्या झाल्या होत्या.

“पाण्यात हात घालून खाली हातोडी मारून बघ,” गुरुजी शिष्येला म्हणाले. तिने मारली, भरीव आवाज आला. मग तिने मधल्या पट्ट्यावर हलकेच मारली, तर ढलपाच निखळून पाण्यात पडला.

गुरुजी म्हणाले, “गंजाला पाणी, मीठ आणि हवा, तिन्ही लागतात. जे कायम पाण्याखाली आहे, तिथे मीठ आहे, पण हवा फारशी पोचत नाही. माथ्यावर हवा आहे, पण मीठ कमी. मधल्या पट्ट्यात मात्र पाणी रोज येतं, रोज जातं; जाताना मीठ ठेवून जातं आणि मागोमाग हवा येते. साधं लोखंड तिथे गंजून फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. या तुमच्या पोलादाच्या अंगात मात्र क्रोमियम आहे. हवा लागली की ते स्वतःवर एक अतिसूक्ष्म कवच धरतं, ओरखडा गेला तरी पुन्हा धरतं. मिठाला ते सहजासहजी दाद देत नाही. म्हणून ते इथे हवं. जे सदैव बुडालेलं आहे, ते टिकतं, शेठ. येण्याजाण्यानं झिजतं.”

तळाशी वाया गेलं असतं सगळं पोलाद, शिष्येच्या मनात आलं, आणि मी ते किती खात्रीने वाया घालवलं असतं! तिला स्वतःची लाज वाटली.

व्यापाऱ्याने त्या फुटक्या खांबावर हात ठेवला. मग म्हणाला, “आई गेली त्या दिवशी मी मोडलो नाही, गुरुजी. त्याआधीचं वर्ष होतं ना... सकाळी उठून बसायची, पेज मागायची, वाटायचं सुटली यातून. संध्याकाळी पुन्हा ग्लानी. रोज तेच. त्या वर्षानं मला खाल्लं. तेव्हा लोक यायचे ते ‘बरी आहे ना’ एवढं विचारून जायचे. आधाराला आले ते ती गेल्यावर.”

पाणी चढू लागलं होतं. व्यापाऱ्याने होडीवाल्याला परत फिरायला सांगितलं आणि शिष्येकडे वळून म्हणाला, “उरलेले गजही कापून घ्या, बाई. मी थांबतो जोड होईपर्यंत.”

आपल्या ओळखीतही असं कुणीतरी असतं, जे धड बुडालेलं नाही आणि धड किनाऱ्यालाही लागलेलं नाही; आज त्याच्याकडे जाऊन यावं.