दोन्हीकडे एकच तेल

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात भैरू मिस्त्रीचं गॅरेज होतं. तीस वर्षं त्याने ट्रक दुरुस्त केले. तेल पारखायची त्याची रीत एकच. थेंबभर तेल चिमटीत घ्यायचं, बोटं चोळायची, नाकाशी न्यायची आणि सांगायचं, चालेल की नाही. ट्रकवाले माना डोलवायचे. डोलवून डोलवून त्यांनी भैरूला पार डोक्यावर चढवून ठेवलं होतं.

त्या घाटात दरसाल गाड्यांची शर्यत व्हायची. भैरूची धाकटी बहीण हौसा. तिच्या मुलाने, इंद्रजितने, शर्यतीची गाडी घेतली आणि मामाच्या दारात आणून उभी केली. परक्या मिस्त्रीकडे नेली असती तर मामाने वर्षभर अबोला धरला असता.

"मामा, गिअरबॉक्सचं तेल वेगळं आणि मागच्या डिफरन्शिअलचं वेगळं," तो म्हणाला. "पुस्तकात नंबर दिलेत."

"पुस्तक तू वाच. गाडी मी बघतो."

तरी भैरू ते पुस्तक घेऊन मालनच्या तेलाच्या दुकानात गेला. मालनने नंबर वाचले. "मिस्त्री, या डिफरन्शिअलात चकत्या असतात. वळणावर त्या एकमेकींवरून सरकल्या, तरच मागची दोन चाकं आपापल्या चालीने फिरतात. त्याला खास तेल लागतं. शहरातून मागवते, दोन दिवसांत येईल."

दुकानात दोन ट्रकवाले बसले होते. त्यांच्यादेखत बाईने शिकवलं, हे भैरूला झोंबलं.

"तू डबे विक," तो म्हणाला. "तेलाला बोटं लावण्यात माझी हयात गेली."

"बोटाला जाड का पातळ एवढंच कळतं, मिस्त्री. आत काय मिसळलंय ते नाही कळत."

भैरू तरातरा परत आला. ट्रकसाठी आणलेल्या पिंपातलं जाड तेल त्याने गिअरबॉक्समध्ये ओतलं आणि तेच डिफरन्शिअलमध्येही ओतलं.

सरावाच्या दिवशी इंद्रजित घाटात एक फेरी मारून आला. "मामा, तिसरा गिअर पडताना अडतोय. वळणावर मागून करकर येते, गाडी वळायला बघत नाही. पुस्तकातलंच तेल घातलंत ना?"

ती करकर भैरूने गाडी आत वळतानाच ऐकली होती. चकत्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. तीस वर्षांचा मिस्त्री तो, त्याला कळायचं ते कळलं. मालन खरं बोलत होती, हेही कळलं. तेल काढून टाकायला अर्धा तास पुरला असता. फार तर खास तेल येईपर्यंत यंदाची शर्यत हुकली असती. पण गॅरेजच्या बाकावर तेच दोघे ट्रकवाले चहा पीत बसले होते.

"तेच घातलंय," भैरू म्हणाला. "नवीन काम आहे, बसेल. तुझ्या हाताला अजून सवय नाही."

एक ट्रकवाला हसला. "भैरूच्या हातचं तेल आहे, पाव्हणं. गाडी नाही, तुमचाच पाय लटपटतोय."

इंद्रजित ओशाळला. गाडी घेऊन गेला.

शर्यतीच्या सकाळी हौसा भावाशेजारी पाचव्या वळणावर उभी होती. लेकाची गाडी दिसली तशी तिने हात वर केला. इंद्रजितने स्टिअरिंग वळवलं. मागची दोन्ही चाकं एकाच चालीने ढकलत राहिली आणि गाडी सरळ गेली. कठडा फुटला. पलीकडे दरी होती.

त्याला वर काढायला दुपार झाली. काढला तेव्हा अंगात जीव नव्हता.

तेराव्याची माणसं पांगल्यावर हौसा गॅरेजात आली. मिस्त्रीने खास तेल मागवलंच नाही, हे मालनने तिला सांगितलं होतं.

"दादा, तेल चुकीचं होतं?"

"होतं."

"तुला कधी कळलं?"

"सरावाच्या दिवशी. आवाज ऐकला तेव्हाच."

"म्हणजे माझा पोरगा तुझ्यापुढं जिता उभा होता, तेव्हा."

भैरूने हो म्हणून मान हलवली.

हौसा मागे वळली. पायात चपला घातल्या आणि गेली. भैरू पुढे वीस वर्षं जगला. बहिणीचं घर त्याने तेवढी वर्षं बाहेरूनच पाहिलं.

तात्पर्य: चूक ध्यानात आली की तिथल्या तिथे, चार माणसांत, स्वतःच्या तोंडाने सांगून टाकावी. आपली लाज राखायला जो गप्प बसतो, तो दुसऱ्याच्या जिवावर गप्प बसलेला असतो.