कोरी फिल्म

"मग नक्कल सुरूच का होत नाही, बाई?"

सुमंत वाघचौरेने फिल्म जवळजवळ बाईंच्या अंगावरच टाकली. यीस्टच्या पेशीतलं, एकमेकांना चिकटलेल्या दोन पदरांचं जनुक परीक्षानळीत घ्यायचं आणि त्याची आरएनए नक्कल करायची, एवढंच तर काम! पण फिल्मवर नकलेचा डागसुद्धा नाही. पीएचडीची मुदत या महिन्यात संपत होती. नुसता वैताग आला होता त्याला.

त्याच्या जुन्या शिक्षिका, निवृत्त रेगेबाई, ओट्यावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी फिल्म उजेडात धरली.

"काय काय घातलंस?"

"सगळं! एन्झाइम ताजं. आरएनएची साखळी ज्यांची बनते ती चारही अक्षरं भरपूर. फक्त त्यातल्या एटीपीच्या जागी, म्हणजे जे अक्षर शेवटचा बंध तोडून पेशीला ऊर्जाही पुरवतं त्याच्या जागी, त्याच्यासारखाच दुसरा रेणू घातला, शेवटचा बंध न तुटणारा."

"का बरं?"

"अहो, अक्षर साखळीत गुंफताना आतला बंध तुटतो. शेवटच्याचं कामच काय? प्रत्येक अक्षर आपली ऊर्जा आपणच घेऊन येतं. सुरुवातीला वेगळा खर्च कशाला? माझा अख्खा प्रबंध यावर उभा आहे!"

"आणि फिल्म कोरी."

"फिल्म गेली खड्ड्यात! माझा तर्क चुकलेला नाही."

"बरं..."

बाईंनी ढिगातून एक कापडी फलक ओढून काढला. वाचनालयाचा. खळ घातलेला, ओला असतानाच कुणीतरी दुमडून ठेवलेला. वाळून त्याचे दोन्ही पदर एकमेकांना घट्ट चिकटले होते.

"काय लिहिलंय, वाच."

"बाई, मी काय विचारतोय आणि तुम्ही..."

"वाच रे. अक्षरं येतात ना तुला?"

सुमंतने चरफडत कडेला नखं खुपसली. पदर हलेना. जोर लावला तेव्हा चर्र आवाज झाला. फाटतोय की काय, म्हणून तो दचकला. मग गुडघ्याखाली एक बाजू दाबून, दात-ओठ खात दुसरी ओढू लागला. वीतभर सुटला कसाबसा. आत नुसतं कोरं कापड.

"वाचलंस?"

"थांबा हो!" तो धापा टाकत ओरडला. "आधी उघडू तरी द्या!"

बाईंनी कोरी फिल्म फलकाच्या अजून चिकटलेल्या पदरांवर ठेवली आणि त्या त्याच्या कपाळावरच्या घामाकडे बघत राहिल्या...

"एक अक्षर वाचलं नाहीस अजून. मग दमलास कशानं?"