माताउरूची उघडी टोपली

माताउरू बेटावर उतरलेला पाहुणा पहिल्याच दिवशी एक गोष्ट हमखास विचारतो. पाऊस कोसळत असतो, डोंगरावरून माणसे कोनफळांच्या टोपल्या घेऊन उतरत असतात, आणि एकाही टोपलीवर साधे केळीचे पान नसते. शेजारच्या बेटांवर टोपली झाकूनच नेतात. इथे माल भिजतो, माशा बसतात, पण झाकत कुणी नाही. मग पाहुण्याला काल्सेई आजोबांकडे आणून सोडतात. ते झऱ्याच्या काठी, नामेले नावाच्या ताडासारख्या झाडाखाली, आपली टोपली शेजारी ठेवून बसलेले असतात. एवढा समुद्र ओलांडून आलात आणि टोपल्याच बघत बसलात का, अशी थोडी थट्टा करतात, आणि मग सांगू लागतात.

वानुआतू म्हणजे समुद्रात विखुरलेली ऐंशीएक बेटे आणि शंभराहून अधिक भाषा. आता सगळ्यांना बिस्लामा येते, त्यामुळे भांडायचे झाले तरी एका भाषेत भांडता येते. पूर्वी तेवढीही सोय नव्हती. या एवढ्याशा माताउरूवर डोंगरावरच्या गावाची भाषा वेगळी आणि किनाऱ्याची वेगळी. वरचे कोनफळे पिकवत, खालचे मासे धरत. गोड्या पाण्याचा झरा मात्र एकच, तोही वरच्यांच्या हद्दीत. एक खूण तेवढी दोन्हीकडे सारखी कळे. नामेलेचे कंगव्यासारखे लांब पान जिथे रोवले, तिथे बंदी. ती मोडणाऱ्याला कुणी जाब विचारत नसे, सरळ भालाच उचलत.

त्या काळी वरच्या मुखियाची लेक लेइमाटा किनाऱ्यावर दिली होती म्हणे. दोन्ही भाषा येणारी ती एकटी, म्हणून सगळे निरोप तिच्याच गळ्यात. माहेरचे टोमणे सासरी ऐकवायचे आणि सासरची कुरकुर माहेरी पोचवायची, या कामाला ती विटली होती. त्यामुळे प्रत्येक निरोपाची धार ती वाटेतच थोडी बोथट करी. त्याने कुणाचे काही बिघडले नाही. उलट दोन्ही गावांत तिचे कौतुकच होत असे.

एके वर्षी किनाऱ्यावरच्या डुकरांनी वरची कोनफळांची बाग उकरून टाकली. मुखियाने लेकीला बोलावून तिच्या हाती नामेलेचे पान दिले. खाली जाऊन वाळूत रोव, म्हणाला. किनाऱ्याच्या लोकांनी एक सुळेवाले डुक्कर आणून चूक कबूल करेपर्यंत झऱ्याचे पाणी बंद. मागणे फार मोठे नव्हते. पण नेमकी त्याच दिवशी सासरी नणंदेच्या लग्नाची जेवणावळ होती. भरल्या पंगतीत माहेरची बंदी घेऊन उभे राहायला लेइमाटाचा जीव धजेना. बापाचा राग दोन दिवसांत निवतो हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिने पान टोपलीत कोनफळांखाली सारले, वरून केळीचे पान झाकले आणि पंगतीत वाढायला लागली. उद्या सांगू, असे तिने ठरवले.

दुसऱ्या दिवशी तिला उशिरा जाग आली. तिला आठवा महिना होता. आदल्या दिवशीच्या चढउताराने बायको थकली म्हणून तिचा नवरा कालोरान स्वतःच बांबूचे चार नळे खांद्यावर टाकून पाण्याला गेला होता. बायकोचे पाणी नवऱ्याने भरणे म्हणजे गावात हसे, तरी गेला. ते कळताच लेइमाटा ताडकन उठली. तिने टोपली उपडी केली, पान उचलले आणि तशीच डोंगर चढू लागली.

झऱ्यावर तिचा धाकटा भाऊ तारीपू पहाऱ्याला उभा होता. कालोरान पाण्याशेजारी मरून पडला होता. त्याने चारही नळे भरून घेतले होते.

"पान रोवलं होतंस ना, अक्का?" तारीपूने विचारले.

"नाही रे. हे बघ, माझ्याच हातात आहे."

तारीपू पानाकडे पाहत राहिला. त्याने हातातला भाला जमिनीवर टाकला.

"मग यानं काय मोडलं होतं?" तो म्हणाला.

किनाऱ्याने सूड घेतला नाही. घ्यायचा कुणावर, भावावर की बहिणीवर? लेइमाटाने ते पान तिथेच पुरले. नामेले पानापासून उगवत नाही, तरी इथे झाड उभे राहिले असे सांगतात. पुढे तिला मुलगा झाला आणि ती म्हातारी होईपर्यंत जगली. पण टोपली तिने पुन्हा कधी झाकली नाही. वाटेत कुणीही भेटो, ती आपणहून थांबे आणि आत काय आहे ते दाखवी. आधी लोकांना तिची कीव येई. नंतर एकेक जण आपलीही टोपली उघडी नेऊ लागला.

आजही इथे बंदीचे पान न्यायचे तर दोन्ही गावांचा एकेक माणूस बरोबर चालतो, आणि पान डोक्याच्या वर धरलेले असते. वाटेत भेटलेला माणूस खुशाली विचारत नाही, टोपलीत काय आहे ते विचारतो, आणि समोरचा एकेक जिन्नस सांगतो.

काल्सेई आजोबांची गोष्ट इथे संपते. आपण कालोरानच्याच वंशातले, हे ते कुणी विचारले तरच सांगतात. उठताना पाहुणे त्यांच्या भिजलेल्या टोपलीवर छत्री धरायला जातात, तेव्हा ते हाताने ती बाजूला सारतात.

"पान जड नव्हतं हो," ते म्हणतात. "पोरीनं नुसतं बाहेर काढायचं होतं."