आधीच झालेलं भाषण

आमच्या हायस्कूलचे अध्यक्ष तात्यासाहेब खराडे एकदा माइकसमोर उभे राहिले की मुलांच्या पायांना मुंग्या येईपर्यंत बोलत. यंदाच्या बक्षीस समारंभात त्यांनी सुरुवातीलाच इंग्रजीच्या दुधगावकर बाईंना धारेवर धरलं.

“बाई म्हणे इंग्रजीच्या तासाला मुलांकडून पेपरातल्या बातम्या तपासून घेतात. अहो, पेपरात छापून आलं म्हणजे ते खरंच असतं. तपासायचं काय त्यात? उद्यापासून हे बंद.”

बाई शांतपणे उठल्या आणि त्यांनी सकाळचा पेपर तात्यासाहेबांच्या हातात ठेवला. पाचव्या पानावर याच समारंभाची बातमी होती: ‘तात्यासाहेबांच्या ओजस्वी भाषणाने विद्यार्थी भारावले.’ शाळेच्या रिवाजाप्रमाणे हेडक्लार्कने ती आदल्या दिवशीच लिहून पाठवली होती.

“छापलेलं खरंच असेल, तर तुमचं भाषण होऊन गेलंय, साहेब,” बाई म्हणाल्या. “मुलं भारावूनही गेली. आता त्यांना घरी सोडू का?”

तात्यासाहेबांनी बातमी दोनदा वाचली. त्यांचे कान लाल झाले.

“ही बातमी दिली कोणी?”

“बघा साहेब,” बाई म्हणाल्या, “आमच्या तासाला मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात.”